चांदीचा हात आणि तांबडा गाळ

१

पेटीत लाल फडकं होतं, आणि फडक्यात काहीच नव्हतं.

नंदकुमारने ते झटकलं, उलटं केलं, पुन्हा झटकलं. चांदीचा हात म्हणजे काही टाचणी नव्हे, घडीत अडकून राहायला. पण माणसाला पटायला वेळ लागतो. मग त्याने फडकं पेटीच्या झाकणावर ठेवलं आणि खोलीत जमलेल्यांवर नजर फिरवली. ती येऊन थांबली भिंतीला टेकून बसलेल्या जानकीबाईंवर.

मुकुट होता. सोंडपट्टी होती, हार होता, चांदीचा मोदकही होता. हात तेवढा नव्हता.

मुलुंडच्या मोरेश्वर चाळीचा त्या हातावर जीव. संपाच्या कितीतरी आधी, गिरण्या चालू असताना, चाळीतल्या माणसांनी बोनसातून थोडं थोडं बाजूला काढून तो घडवून घेतला होता. आतून पोकळ, हातमोज्यासारखा. मातीच्या मूर्तीच्या आशीर्वादाच्या हातावर तो चढवायचा, मनगटाशी लाल नाड्याने बांधायचा आणि विसर्जनाआधी काढून घ्यायचा. इतकी वर्षं तो चढवणारा, उतरवणारा आणि पेटीत जपणारा माणूस एकच, दशरथ घाडी. पेटीची किल्ली त्यांच्या करगोट्याला असे. विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी ते तापाने पडले आणि पितृपक्ष संपायच्या आत गेले. हॉस्पिटलात त्यांच्या कमरेची ती किल्ली सोडवून घेतली ती त्यांच्या मुलीने, अनुपमाने. आज तेरावं उरकल्यावर तिने स्वतःच ती मंडळाकडे आणून दिली होती.

"किल्ली एकच ना?" नंदकुमारने विचारलं. तो मंडळाचा सेक्रेटरी. आवाज मोठा, मन बहुधा तेवढं वाईट नाही, पण आवाजाखाली ते दबून जाई.

"एकच," अनुपमा म्हणाली.

"आणि हात विसर्जनाआधी उतरवला होता, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. शेवटच्या आरतीला बाप्पाचा हात नुसता होता, गुलाबी. मीच मनात म्हटलं, काकांनी आज पडद्याआड लवकर काढला वाटतं, पावसाची घाई म्हणून. मग हात गेला कुठे?"

दाराशी उभ्या लवूने खाकरून घसा साफ केला. मूर्ती डोक्यावर घेऊन तळ्यात उतरायचा मान दरवर्षी त्याचा.

"मी बोलणार नव्हतंय," तो म्हणाला, "पण इसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी उजाडताना मी काकाक बघलंय. भिजललो, थंडीन कुडकुडणारो. आणि कमरेपर्यंत तांबड्या मातयेन भरललो."

"मग? तळ्यावर गेले असतील," अनुपमा म्हणाली.

"तळ्याचो चिखल काळो, बाय. तुका म्हाईत नाय? तांबडी माती खय गावता? वर डोंगरार, जंय ते नव्या बिल्डिंगींसाठी खणतत." त्याने मान खाली घातली. "काको तळ्यावर नाय, डोंगरार गेललो."

डोंगरावर, एवढ्या पहाटे, रात्रभराच्या त्या पावसानंतर माणूस एकाच कामाला जाईल, काहीतरी पुरायला, असं लवू म्हणाला नाही. म्हणायची गरजच नव्हती.

जानकीबाई उठल्या. पदर सारखा केला आणि नंदकुमारला नव्हे, आपल्या मुलीला, अनुपमाला म्हणाल्या, "कोजागिरी झाली की मी गावी जाते. कायमची. सामान बांधायला घे."

२

"चोर मूर्ख होता असं धरून चाललं, तर सगळं जमतं," शकु म्हणाली. "पण तुझे बाबा मूर्ख नव्हते."

शकु वाघमारे समोरच्या वसाहतीत राहायची. अनुपमाच्या शाळेपासूनची मैत्रीण, आता पालिकेच्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. दोघी वाचनालयाच्या मागच्या पायरीवर बसल्या होत्या. अनुपमा तिथेच कामाला. बाबा गेल्यापासून तिने एकही पुस्तक उघडलं नव्हतं; नुसती देत होती आणि परत घेत होती.

"म्हणजे काय?"

"मुकुट वजनाने जास्त की हात?"

"मुकुट. दुप्पट असेल."

"मग मुकुट ठेवून हात का नेला? किल्ली हातात, पेटी घरात. सगळंच न्यायचं ना! आणि रिकामं फडकं परत घडी घालून कोण ठेवतं? ज्याला वस्तू आणून परत त्यात गुंडाळायची आहे तो."

अनुपमाने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"हे बघ अनू, माझं तुमच्या बाप्पाशी देणंघेणं नाही, तुला माहितीये. पण काकांशी आहे. मी बारावीला असताना आमच्याकडे दिवे गेले, तर तुमच्या दारातल्या बल्बखाली चटई कोणी टाकून दिली होती? सांग मला. हॉस्पिटलात काही बोलले का?"

"तापात होते गं. अर्थ नव्हता त्याला."

"तरी सांग."

"आईला म्हणत होते, तळ ओळखू येत नाही. जानकी, तळ्याचा तळच बदलला. परत परत तेच. आई म्हणाली, भ्रम झालाय."

शकुने विचारलं, "त्या दिवशीचं धोतर कुठाय?"

धोतर मोरीतल्या बादलीमागे होतं. जानकीबाईंनी ते दोनदा धुतलं होतं, तरी डाग गेला नव्हता. आणि त्यांच्याच्याने ते टाकवलंही नव्हतं. शकुने ते उजेडात धरलं. गुडघ्यापासून वर कमरेपर्यंत तांबूस. खाली काठाशी मात्र, अगदी पायाच्या घोट्याजवळ, काळपट पट्टा.

"लवू खोटं बोलला नाही," शकु हळूच म्हणाली. "पण अर्धंच बोलला. हा काळा कुठला?"

३

सोनूबाईंकडे जायला अनुपमाला धीर होत नव्हता. चाळीत सगळ्यात म्हातारी बाई आणि जीभ चाळीत सगळ्यात तरुण.

"ये गं ये. चोराची लेक म्हणून आलीस की दशरथाची?" सोनूबाईंनी दारातच विचारलं. मांडीवर नातू होता, श्रावणात जन्मलेला. "दशरथाची असशील तर बस. दुसरीला मी चहा देत नाही."

अनुपमा बसली. शकुही.

"पण एक सांगते," सोनूबाई म्हणाल्या, "माझा राग आहे हो त्याच्यावर. मेल्या माणसावर राग धरू नये, पण आहे. नाडा दिला नाही त्याने."

"कसला नाडा?" शकुने विचारलं.

"तुला नाही माहीत? बाप्पाच्या हाताचा. हात काढताना दशरथ तो नाडा कापायचा आणि चाळीतल्या सगळ्यात लहान पोराच्या मनगटाला बांधायचा. या अनूच्यासुद्धा बांधलाय. बाप्पाने हात धरला म्हणायचं. यंदा सगळ्यात लहान कोण? हा आमचा. मी त्याला काजळ-तीट करून आरतीला घेऊन उभी! आणि दशरथ माझ्याकडे बघतच नाही. नजर चुकवून मूर्तीच्या बाजूलाच उभा. कुणाला जवळ येऊ देईना."

"विसरले असतील," अनुपमा म्हणाली.

"तो? मीठ घालायचं विसरेन मी, पण तो नाडा विसरणार नाही." आणि मग त्या जरा मऊ झाल्या. "पण बरं नव्हतंच त्याला. चार रात्री मूर्तीजवळ बसून होता. पत्र्यातून गळत होतं ना मखरात."

गळतीचं नाव निघालं तशी शकु उठली. मखर केलं होतं ते चंद्रप्रकाशने. तो अंधेरीच्या स्टुडिओत सिनेमाचे सेट रंगवायचा आणि गणपतीत चाळीसाठी फुकट राजवाडे उभे करायचा. तो गॅलरीत कुंचले केरोसीनमध्ये बुडवत बसला होता.

"वाट लागली होती यार," तो म्हणाला. "एवढा झकास महाल केला आणि बरोबर बाप्पाच्या उजव्या अंगाला धार! मी ताडपत्री टाकली, पण आधीचं एका रात्रीचं गळून गेलेलंच. काका म्हणाले, काही झालं नाही, तू जा शूटिंगला. मला आऊटडोअर होतं, विसर्जनाला मी नव्हतोच. हां, जाता जाता एक गंमत. काकांनी माझ्याकडून रंग मागून घेतला. तेलरंग, अंगाचा. आपण माणसाच्या चेहऱ्याला लावतो तो."

"कशाला?"

"उंदराचा कान उडालाय म्हणाले, रंगवतो." चंद्रप्रकाश हसला. "मी म्हटलं, काका, उंदीर करडा आहे! तर म्हणाले, दे रे तू, कान आतून गुलाबीच असतो."

शकु हसली नाही. "उंदीर तू रंगवला होतास ना? त्याचा कान खरंच उडाला होता?"

"छे! उंदराला थेंब लागला नव्हता. तो डाव्या बाजूला."

४

लवू त्यांच्याबरोबर तळ्यावर यायला तयार झाला, पण तोंड पाडूनच. गवळदेवाचं तळं चाळीपासून हाकेच्या अंतरावर, डोंगराच्या पायथ्याशी. वर उतारावर झाडं तोडून जमीन उघडी केली होती. तळ्याकाठून ती सोललेल्या गुडघ्यासारखी दिसत होती. खाली पाणी निवळ होतं, आश्विनातलं, वर ढगाचा ठिपका नाही.

"मी काकाक चोर म्हटलंय नाय," लवू पुन्हा पुन्हा सांगत होता. "मी बघललां ता सांगितलंय."

"माहीत आहे रे," अनुपमा म्हणाली. "मूर्ती कुठे सोडलीस ते दाखव."

त्याने काठालगतचा एक खडक दाखवला. पाठ वर काढून बसलेल्या म्हशीसारखा. "हयसर."

"एवढ्या उथळ पाण्यात? दरवर्षी तर तू पार आत नेतोस."

"काकान सांगल्यान. लांब नको नेव, पाणी वाढलाहा, या खडकाकडेच सोड. मी म्हटलंय, म्हाताऱ्याचो जीव घाबरता, ऱ्हवांदे." तो थांबला. "मी बुडी मारून मूर्ती ठेवलंय, उजवी कूस खडकाक लावून. काकान तसांच सांगललां. आणि पाटार माती घेवन वर इलंय."

"माती कसली?" शकुने विचारलं.

"विसर्जनाच्या जागची," अनुपमाने सांगितलं. "बाप्पा गेला की रिकामा पाट घरी नेऊ नये. तळातली मूठभर माती त्यावर ठेवून आणतात. पुढची आरती त्या मातीपुढे करतात."

"आणि रंग कुठला होता मातीचा, लवूदादा?"

"काळो. नेहमीचोच."

शकुने पिशवीतून एक लांब पारदर्शक नळी काढली. लॅबची, परत द्यायची आहे असं तिने तीनदा बजावलं. साडी खोचून ती मांडीभर पाण्यात खडकापाशी गेली, नळी सरळ तळात खुपसली, वरच्या तोंडावर अंगठा दाबला आणि ती हळूच उपसून घेतली. बाहेर आल्यावर तिने नळी उन्हात धरली.

लवूने "आवशीक!" एवढंच म्हटलं आणि मट्‌कन काठावर बसला.

५

नळीत खाली गाळ काळाकुट्ट होता. वर, वीतभर तरी, तांबडा. दोहोंमधली रेघ सुरीने कापल्यासारखी.

"आता ऐक," शकु म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "खालचा काळा हा तळ्याचा नेहमीचा गाळ. पाला, निर्माल्य, मेलेलं शेवाळ, सगळं हवेवाचून कुजतं आणि काळं होतं. वास बघ, सडक्या अंड्याचा. हा साचायला वर्षं लागतात. आणि हा तांबडा एका रात्रीचा आहे. विसर्जनाच्या रात्रीचा."

"एका रात्रीत एवढा?"

"झाडं असती तर नसता आला. आता उतार उघडा आहे, आणि त्या रात्री पाऊस कसला, आभाळच फाटलं होतं. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे या बाजूच्या सगळ्या तळ्यांचं पाणी तपासायला आलं ना, बाटल्या कोकम सरबताच्या वाटत होत्या. तळ्यांत मासे वर येऊन तोंडं उघडत होते. जोराचा लोंढा तळ ढवळून काढतो आणि वर नवा थर देतो. जड माती एका रात्रीत बसली, बारीक बसायला पंधरवडा गेला."

अनुपमा नळीकडे पाहत राहिली. बाबा तापात जे म्हणत होते ते तिला आता त्यांच्या आवाजात ऐकू आलं. तळ ओळखू येत नाही. भ्रम नव्हता तो. त्या पहाटे ते या खडकापाशी उतरले होते, काळ्या चिखलात हात घालायला, आणि त्यांच्या हाताला लागली होती ती डोंगराची माती. ते डोंगरावर गेले नव्हते. डोंगरच खाली आला होता.

"पाऊल रुतून खालच्या काळ्यापर्यंत गेलं," ती हळू म्हणाली, "म्हणून घोट्याशी काळा डाग. बाकी तांबडा."

"बरोबर. आता कशाला आले होते ते सांग. ते तुलाच कळेल, मला नाही."

अनुपमा खडकावर बसली. गळती उजव्या अंगावर. उंदीर कोरडा. अंगाचा रंग. चार रात्री जागून कुणाला जवळ न येऊ देणं. न कापलेला नाडा.

"शकु," ती म्हणाली, "शाडूची मूर्ती भिजली तर काय होतं?"

"विरघळते."

"आणि पोकळ हातात घट्ट बसलेला मातीचा हात भिजला तर?"

उत्तर लवूने दिलं, कपाळावर हात मारत. "फुगतलो. अडकतलो. ओढलंस तर कोपरापासून सुटान येतलो!"

"मूर्ती खंडित," अनुपमा म्हणाली. "विसर्जनाआधी आशीर्वादाचा हात तुटलेला. आपल्या चाळीत. संपातून आत्ता कुठे माणसं वर येतायत, कुणी भांडुपला लागलंय, कुणी अजून घरीच. लोकांनी ते काय मानलं असतं, लवूदादा? म्हणून बाबांनी हात तसाच ठेवला आणि चांदीवरच अंगाचा रंग दिला."

लवूचा स्वतःचा मुलगा अजून घरीच होता.

"मग आत्ताच काढू या," शकुने पदर खोचला.

"नाही." अनुपमा उठून तिच्या आड आली. "आपण काढला, तर नंदकुमार म्हणेल, आपणच टाकला. कोजागिरीला सगळी चाळ इथे आणायची. आणि पाण्यात उतरेल तो तूही नाही, मीही नाही."

६

कोजागिरीच्या दुपारी चाळ तळ्यावर आली. काही विश्वासाने, बरीचशी तमाशा बघायला. जानकीबाई येणार नव्हत्या. सोनूबाईंनी त्यांना "तू नाही आलीस तर मीही तुझ्यामागे गावी येईन" अशी धमकी घातली, आणि त्या आल्या.

अनुपमाने सगळं सांगितलं. तिचा आवाज चढला नाही. पुस्तक परत करताना कुठलं पान दुमडलंय ते दाखवावं, तशी ती एकेक गोष्ट दाखवत गेली. गळती, रंग, नाडा, खडक, धोतर. शेवटी तिने आईच्या देव्हाऱ्यातली वाटी पुढे केली. विसर्जनाच्या पाटावरची माती त्यांच्याकडे वाटीत ठेवायची पद्धत होती. माती काळी होती.

"ही त्या संध्याकाळची, पावसाआधीची. आणि ही नळी आत्ताची. मूर्ती या काळ्यावर बसली, तांबडा तिच्यावर आला. बाबांनी हात चोरला नव्हता. ते पहाटे तो परत आणायला आले होते. बाप्पाचं विसर्जन झालं, आता हात सुटा झाला असेल, गुपचूप घेऊन यावा आणि पेटीत ठेवावा. चाळीला काही कळू नये. तळ बदलला म्हणून तो सापडला नाही."

"गोष्ट चांगली आहे," नंदकुमार म्हणाला. "पण मी म्हणतो, हात समजा सापडलाच इथे. तो काल रात्री कोणी टाकला नसेल कशावरून?"

"म्हणूनच उतर तू," शकु म्हणाली.

"मी?"

"तूच. आमच्यावर भरवसा नाही ना? काल टाकलेला असेल तर तांबड्याच्या वर सापडेल. त्या संध्याकाळचा असेल तर तांबड्याच्या खाली, काळ्यावर. हातालाच कळेल तुझ्या. वरचा थर रवाळ, खालचा लोण्यासारखा मऊ, गार."

"अहो सेक्रेटरी, पँट दुमडा!" मागून कोणीतरी ओरडलं. हशा झाला. नंदकुमारने रागाने चपला काढल्या, घड्याळ बायकोकडे दिलं आणि पाण्यात शिरला.

लवूने काठावरून बांबू घालून मूर्ती जिच्यावर घडवलेली ती बुडाची फळी चाचपली आणि "हयसर, उजवीकडे," म्हणून जागा दाखवली. नंदकुमार वाकला. खांद्यापर्यंत हात घालून तो चाचपत राहिला. पाणी तांबडं झालं. मग त्या तांबड्यातून काळं ढवळून वर आलं आणि तो सडका वास सुटला. बायकांनी पदर नाकाला लावले. वेळ जात होता. जानकीबाई कोणाकडेच बघत नव्हत्या.

"काही नाही," नंदकुमार म्हणाला. "दगड आहेत नुसते. मी आधीच सांगत होतो की..."

आणि तो किंचाळला.

"धरलं! कोणीतरी माझा हात धरला!"

७

पाण्यातून नंदकुमारचा हात वर आला तो दुसऱ्या एका हाताची बोटं धरूनच.

तो चांदीचा आहे हे कोणाला ओळखू आलं नसतं. कोळशासारखा काळा पडला होता. शकुने तो घेतला, पाण्यात हलवला आणि सगळ्यांना दाखवला. "काळ्या गाळातला वायू चांदीला लागला की ती अशी होते. एका रात्रीत एवढी होत नाही. नंदकुमार, कुठे होता?"

"तांबड्याच्या खाली," नंदकुमार म्हणाला. मग, तितक्याच मोठ्या आवाजात, काठावरच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल असं, "तांबड्याच्या पार खाली. काळ्यात."

बोटांच्या खोबणीत गुलाबी रंगाचे पापुद्रे अडकले होते. अनुपमाने हात उलटा केला. आत पोकळीत पांढरट शाडू घट्ट बसला होता, बोटांच्या टोकांपर्यंत. मनगटाशी फुगलेल्या मातीने पाण्याला पुढची वाटच दिली नव्हती. आणि मनगटाशी चिखलाने माखलेला, काळवंडलेला, पण अखंड असा नाडा होता. दुहेरी गाठ, टोकं आत खोचलेली. ती गाठ तिच्या शाळेच्या दप्तराला होती, वळकटीला होती, आईच्या लोणच्याच्या बरणीवरच्या फडक्याला होती. तशी गाठ मारणारा माणूस तिला आयुष्यात दुसरा भेटला नव्हता.

तिने गाठीवर बोट ठेवलं. ठेवलंच फक्त.

"काकू," नंदकुमार पाण्यातून बाहेर येत म्हणाला. त्याच्या हातावर कोपरापर्यंत काळं आणि वर तांबडं होतं, नळीत दिसलं होतं नेमकं तसंच. "काकू, मी मूर्ख आहे."

"आहेसच," सोनूबाई म्हणाल्या. "त्यात नवीन काय? पाय धुऊन ये. दूध आटायला ठेवलंय."

जानकीबाई पुढे आल्या. मुलीच्या हातातून त्यांनी तो काळा हात घेतला आणि दोन्ही हातांत धरला, गार पडलेल्या माणसाचा धरावा तसा.

"मला तरी सांगायचं होतं," त्या त्या हाताला म्हणाल्या. "मी काय कुणाला बोलले असते? छत्री घेऊन आले असते बरोबर."

लवूने डोळे पुसले आणि पाण्याच्या नावावर खपवले.

मग जानकीबाईंनी मान वर केली. त्यांचा आवाज नेहमीचा झाला होता, नळावर नंबर लावतानाचा. "कात्री आहे का कोणाकडे?"

कात्री चंद्रप्रकाशकडे निघाली, रंगाने भरलेली. जानकीबाईंनी गाठ सोडली नाही. ती तशीच ठेवून त्यांनी बाजूने नाडा कापला. पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळून घेतला, तोवर चिखलाआडून थोडा लाल दिसायला लागला.

"आण तुझ्या नातवाला."

"अगं, घाण आहे ती!" सोनूबाईंची सून म्हणाली.

"गप गं," सोनूबाई म्हणाल्या. "बाप्पाचा नाडा आहे. दशरथाने बांधलाय." आणि शकुकडे वळून, "चालेल ना गं, डॉक्टरीणबाई?"

"मी डॉक्टर नाही हो आजी, केमिस्ट," शकु म्हणाली. "घरी नेऊन गरम पाण्यात उकळा. मग झकास चालेल."

चाळ हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, आणि जरा जास्तच वेळ. मुठी आवळून झोपलेल्या पोराच्या मनगटावर जानकीबाईंनी नाडा नुसता टेकवला, उकळेपर्यंतची पोच म्हणून.

परतताना अनुपमा आणि आई मागे राहिल्या. वर उघड्या उतारावर ऊन तांबडं झालं होतं. तळं ढवळलेलं होतं. एका कडेने हळूहळू निवळत होतं.

"ट्रंकेत काय काय भरलंस गं?" जानकीबाईंनी विचारलं.

"तुझी लुगडी. गोधड्या. समई."

"समई काढ." त्या चालत राहिल्या. "दूध उतू जायच्या आत पोहोचायला हवं. आणि तो हात चिंचेने घासून दे मला सकाळी. तुझ्या बाबांना काळा आवडायचा नाही."